पारूबाईला कवा आणतीस?

लोकांच्या ओट्यावर बसून त्यांना प्रश्न विचारणं, एवढ्याच कामावर माझी सगळी नोकरी झाली. मी मास्तरीण नाही, नर्स नाही, तलाठी नाही. मी सर्व्हेवाली बाई. चूल आहे की गॅस, लेकराला कुठल्या लसी दिल्या, साबण कुठला आणता, पाणी कुठून भरता. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या वस्त्यांवरची कुत्री मला ओळखायची आणि तरी भुंकायची. एकदा एका शेळीनं माझ्या फॉर्मचं शेवटचं पान खाल्लं. ऑफिसनं हे कारण मान्य केलं नाही, म्हणून मी आठ किलोमीटर परत गेले आणि त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारले. तो म्हणाला, "बाई, शेळीलाच इचारा की. तिच्या पोटात हायती समदी उत्तरं."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण घरात बसवत नाही. सकाळी दोनदा बाजारात जाऊन येते. भाजीवालीला विचारते, गवार विकताना रोज किती वेळ उभी असतेस, पाठ दुखते का, कधीपासून. नवरा म्हणतो, अगं, भाजी घे आणि चल. आता हे लिहायला बसल्यापासून तीनदा उठून दूध बघून आले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

दिवाळी अंकाला गमतीदार किस्से द्या, असा निरोप आहे. किस्से पोत्यानं आहेत. पण एक लिहायला घेतला की मधेच निमगाव केतकीची गजराबाई आठवते आणि हात थांबतो. म्हणून आधी तिचंच लिहून मोकळी होते.

तत्पूर्वी माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यात झाडाखाली बसून फॉर्म भरणारे असतात. चार घरं खरी फिरायची आणि उरलेली लिंबाखाली बसून मनानं लिहायची. कोण किती जेवतो, कोण किती आजारी पडतो, सगळं अंदाजपंचे. मी ते कधी केलं नाही. उन्हात चक्कर आली, पावसात ओढा अडवून बसला, तरी केलं नाही. याचा मला तोरा होता आणि तो ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. माझे फॉर्म कुणी तपासायचं नाही, इथपर्यंत मजल गेली होती.

नोकरीच्या शेवटी शेवटी एक वेगळाच सर्व्हे आला. म्हाताऱ्या माणसांना आपल्या जगण्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, ते मोजायचं. मोजायचं म्हणजे खरोखर आकड्यात मोजायचं. त्यासाठी पुण्यात आमचं ट्रेनिंग झालं. प्रकल्पाच्या प्रमुख एक मॅडम होत्या, माझ्याहून वयानं लहान, हुशार, बोलायला गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाला थेट विचारायचं नाही. थेट विचारलं की तो म्हणतो, आमचं काय आता, पोरांचं चांगलं व्हावं. सगळे तेच म्हणतात आणि मोजायला काही उरत नाही. म्हणून आडून विचारायचं.

त्यासाठी पाच गोष्टी ठरवल्या होत्या. मायेची माणसं जवळ असणं, उद्याची धास्ती नसणं, आपला कुणाला तरी उपयोग होणं, जिवाला बरं वाटेल असं काही करायला मिळणं, आणि आपल्या मनानं वागता येणं. प्रत्येक गोष्टीच्या चार पायऱ्या: भरपूर, बरंच, थोडंसं, अजिबात नाही. एका कागदावर या पाचही गोष्टी वेगवेगळ्या पायरीवर मांडलेल्या असायच्या. माणसं भरपूर, उपयोग थोडासा, मनासारखं अजिबात नाही, असं काहीतरी. मग विचारायचं, की समजा तुमचं आयुष्य असं आहे, तर यातली सगळ्यात चांगली ओळ कुठली आणि सगळ्यात वाईट कुठली. दोन खुणा करायच्या आणि पुढचा कागद काढायचा. असे बरेच कागद झाले की कुठल्या गोष्टीचं वजन किती, ते कॉम्प्युटर काढतो. पंधरा दिवसांनी तेच कागद घेऊन पुन्हा जायचं, उत्तर बदलतंय का बघायला. आणि सहा महिन्यांनी तिसरी फेरी, तेव्हा मात्र माणसाचं स्वतःचं आज कसं चाललंय ते विचारायचं.

हॉलमध्ये हे सगळं झकास वाटलं. आम्ही एकमेकींना म्हाताऱ्या समजून सरावही केला.

पहिलंच घर डाळजला, हायवेच्या कडेला. आबा ओसरीत बसले होते. मी कागद काढला आणि सुरुवात केली, "समजा आबा, तुम्हाला मायेचं कुणीच नाही..." पुढं बोलूच दिलं नाही. सून पिठाच्या हातानं बाहेर आली. "ओ बाई, भरल्या घरात असलं काय बोलताय?" आबांनी तर हात जोडले. "वास्तू तथास्तु म्हनती, ताई. नगा बोलू."

घरात वाईटसाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते आणि ते खरं होतं, हे पुण्याच्या एसी हॉलमध्ये कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मॅडमचं सोडा, माझ्या आलं नाही, आणि मी याच मातीत वाढलेली. माझी आईसुद्धा तेल संपलं तर संपलं म्हणायची नाही, वाढलं म्हणायची. आठ-दहा घरं मी अशीच फिरले. कुणी कानावर हात ठेवले, कुणी चहा देऊन वाटेला लावलं. कोरे कागद पिशवीत घेऊन परत यायचं आणि ऑफिसला काय सांगायचं या विचारानं एसटीत डोकं फिरायचं.

बावड्याला एक तात्या भेटले, साखर कारखान्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "ह्यातला 'समजा' काढा. न्हायतर माझी हरकत लेखी घ्या."

"तात्या, काढता येत नाही हो. छापील आहे."

"मग आमी समजनार न्हाय."

मी हात टेकले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोकं ठणकत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "बरं, तुमचं राहू द्या. धरणाच्या पाण्यापलीकडं, करमाळ्याच्या अंगाला, एक पारूबाई आहे. तिचं असं आहे बघा..." आणि कागदावरच्या पाच ओळी पारूबाईच्या नावावर वाचून दाखवल्या. तात्या एकदम सरसावून बसले. "आसं व्हय. मग तिचं हे दोन नंबरचं लई वाईट हाय." धडाधड सगळे कागद झाले. निघताना तात्यांनी पारूबाईनं कुठल्या योजनेत अर्ज करावा तेही एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, उत्तम, त्रयस्थ व्यक्तीबद्दल विचारायला हरकत नाही, पण व्यक्ती काल्पनिक आहे हे आधी सांगायचं आणि प्रत्येक घरी शब्द तेच ठेवायचे. मी हो म्हणाले. फॉर्मवर तशी ओळ छापून आली: 'पुढे वर्णन केलेली व्यक्ती काल्पनिक आहे.' ती मी वाचायची, खोटं कशाला बोलू. पण अशी भरभर वाचायची की एसटीतला कंडक्टरही लाजेल. हळू वाचली की लोकांचा रस जातो, हे मला दुसऱ्याच घरी कळलं होतं.

शब्दही तेच राहिले नाहीत. पारूबाई घरोघर वाढत गेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. भाकरी पातळ थापते, कमी बोलते, झोपेत हसते, असं काय काय मी तिला देत गेले. लोक ऐकायचे, हळहळायचे, तिच्यासाठी भांडायचे, आणि माझे कागद भरायचे. मला मजा येत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकून लिहिलं, पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकत होतं.

गजराबाईची वस्ती निमगाव केतकीपासून आत, ओढ्याच्या वर. पंच्याहत्तरीची असेल. काटक, उंच, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेला. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा होता तोवर वर्षातले आठ महिने मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचं आणि यायचं. लेकरं वाटेत झाली, एक वाटेतच गेलं. पुढं मेंढरं विकली, थोडं रान भिजायला लागलं आणि दोन खोल्यांचं घर बांधलं. "पन्नाशी उलाटल्यावर म्या पयल्यांदा दाराला कडी लावून झोपले," ती म्हणाली. "पयल्या राती झोपच लागंना. सारखी उठून कडी बघायची." नवरा गेला होता. चार शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या. मुलगा दत्ता बारामतीला कंपनीत, तिथंच फ्लॅट घेतलेला. आईनं बारामतीला यावं म्हणून तो मागं लागला होता. मधे एकदा ती गोठ्याजवळ चक्कर येऊन पडली होती आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून जास्तच.

मी कागद काढला आणि पारूबाईची ओळख करून दिली. गजराबाई शेळीला पाला घालता घालता ऐकत होती. एका कागदावर सगळं भरपूर होतं, माणसं, निर्धास्तपणा, सगळं. फक्त आपल्या मनानं वागणं, तिथं अजिबात नाही. पाला तिच्या हातातच राहिला.

"तिला इचारत न्हाईत?"

"नाही."

"भाजी काय करायची, ह्येबी न्हाय?"

"नाही."

"मग काय करायचीत ती भरपूर मानसं?" तिनं त्या ओळीवर बोट आपटलं. "हे वाईट. ह्याच्यापरीस वाईट काय नसतं. कर खूण."

पुढच्या कागदांवर बाकीचं कितीही खाली घसरलं तरी तिचं बोट तिथंच जायचं. एवढं एकसारखं उत्तर मी कुणाचं पाहिलं नव्हतं. मधेमधे ती कागदावर नसलेलं विचारायची. पारूबाईला शेळ्या कळतात का, गुडघे बरे आहेत का, तंबाखूची मिश्री लावते का, पोरं कुठं असतात. मीही देत गेले उत्तरं. शेळ्या कळतात, गुडघे बरे आहेत, पोरं लांब. निघताना गजराबाईनं माझ्या पिशवीत अंडी ठेवली आणि म्हणाली, "बरी बाई दिसती." मला वाटलं, मला म्हणाली.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीला गेले. घराच्या बाहेरच्या खोलीत मागच्या वेळी पेंडीची पोती आणि मोडकी अवजारं होती. ती सगळी पडवीत आलेली दिसली. खोली सारवलेली. एक खाट, वर धुतलेली वाकळ, भिंतीला दोन नवे खिळे. मी विचारलं, पाहुणे येणार का कुणी.

"पारूबाईला कवा आणतीस?" गजराबाई म्हणाली.

ती सांगत सुटली. दत्ताशी बोलणं झालं होतं. तो म्हणाला होता, सोबतीला कायमचं माणूस असेल तर राहा वस्तीवर, नाहीतर या महिन्यात मी गाडी घेऊन येतो. मग तिनं त्याला सांगितलं, की करमाळ्याकडची एक बाई यायची आहे, सर्व्हेवाल्या ताई आणणार आहेत. एका डोळ्यानं कमी दिसतं, पण भाकरी करते, शेळ्या कळतात. "तिचीबी पोरं लांब, मलाबी सोबत. ती तितं का कुढत ऱ्हाती? हितं येऊ दे. तिच्या मनाची भाजी करू दे तिला."

बसायला तिनं घोंगडी टाकली, पण बसवेना. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की पारूबाई नाही. अशी कोणी बाई नाही. ती कागदावरची आहे. मी मागच्या वेळी सुरुवातीला वाचून दाखवलं होतं.

"कवा वाचलंस?"

"सुरुवातीला. ती एक ओळ होती."

"आन तिचा डोळा?"

"तो मी सांगितला. आपल्या मनानं."

ती खाटेवर जाऊन बसली, त्या धुतलेल्या वाकळेवर. मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. आवाज अगदी साधा होता.

"दत्ता येतूय आज. दुपारपातुर येईल. त्येला तू एवढंच सांग, की ती हाय आन येनार हाय. सनानंतर येनार म्हन. पुढचं मी बघते."

"आजी, असं कसं सांगू?"

"मला सांगितलंस की."

"ती कामाची पद्धत होती. हे खोटं होईल."

"एवढं एक बोल. माझं घर ऱ्हाईल."

मी नाही म्हणाले. आज लिहिताना मला तो नकार पटत नाही, पण तेव्हा पटत होता, हेही लिहिलं पाहिजे. माझ्या नोकरीत मी कुणाच्या सांगण्यावरून एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. सरपंचांनी सांगून केला नव्हता, ऑफिसनं सुचवून केला नव्हता. पुन्हा चक्कर येऊन ती पडली तर? माझ्या शब्दावर मुलगा विसंबला आणि काही बरंवाईट झालं तर? हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. एकदाच म्हणाली, "पडले तर पडले. माझ्या दारात पडंन."

दत्ता मोटरसायकलवर आला. पस्तिशी-चाळिशीचा, सौम्य, शर्टाच्या खिशात कंपनीचं ओळखपत्र. आईनं पाणी दिलं. त्यानं ती सारवलेली खोली बघितली, खाट बघितली, मग माझ्याकडं वळला.

"ताई, ती बाई येणार आहे न्हवं?"

गजराबाई दाराला धरून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. मी दत्ताला सांगितलं, की अशी कोणी बाई नाही, ही संशोधनाची एक पद्धत असते, त्यात काल्पनिक व्यक्ती घेतात, आईंचा गैरसमज झाला, चूक माझीच आहे. चांगलं पाच मिनिटं समजावलं. त्रयस्थ हा शब्दसुद्धा वापरला.

"येणारच न्हाय का?" त्यानं परत विचारलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं, एवढं सांगूनही कळलं नाही म्हणून.

"नाहीच आहे हो ती."

त्यानं आईकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "बरं." गजराबाई शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेली. दुसऱ्या फेरीचे कागद मी भरले नाहीत. 'उत्तर देण्यास नकार' असं लिहिलं. खरं म्हणजे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सहा महिन्यांनी तिसरी फेरी. गजराबाईचा पत्ता आता बारामतीचा होता, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तरी मी तिचं घर यादीत शेवटी ठेवलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा काढला. रात्री नीट झोप नाही, दिवसा कशात लक्ष नाही. शेवटी ऑफिसचा फोन आला, तेव्हा गेले.

तिसरा मजला. सून चांगली होती, हे सांगायला हवं. घर स्वच्छ, म्हातारीला वेगळी खोली, औषधांचा डबा वारांप्रमाणे लावलेला, पायात मऊ चपला. गजराबाई सोफ्यावर बसली होती. समोर टीव्ही चालू होता, आवाज अगदी बारीक. तिनं मला ओळखलं आणि मान हलवली. नियमाप्रमाणे घरच्यांनी समोर बसायचं नसतं, म्हणून सून आत जायला निघाली. "बस गं," गजराबाई म्हणाली. "मला चोरून काय सांगायचं न्हाय."

मी फॉर्म काढला. मायेची माणसं जवळ आहेत का?

"भरपूर. लिव्ह."

उद्याची धास्ती वाटत नाही?

"न्हाय. भरपूर लिव्ह."

उपयोगाचं झालं, जिवाला बरं वाटण्याचं झालं. सगळीकडं भरपूर. सूनबाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, आणि का दिसू नये, तिनं केलंच होतं तेवढं. मग पाचवी ओळ आली. "आजी, तुमच्या मनासारखं..."

"भरपूर."

मी खूण न करता थांबले. तिनं टीव्हीवरची नजर काढून माझ्यावर ठेवली. "म्या सांगते ते लिव्ह. तू खरंच लिवतीस न्हवं?"

मी लिहिलं. पाचही ओळींना वरची पायरी. माझ्या हाताखालून गेलेल्या फॉर्मांमध्ये एवढे मार्क कुणाला पडले नव्हते. पुढं ऑफिसात मॅडम तो फॉर्म बघून म्हणाल्या, बघा, स्थलांतरामुळे जीवनमान सुधारल्याचं किती छान उदाहरण आहे.

खाली पार्किंगमध्ये दत्ता भेटला. कंपनीतून येत होता, हातात हेल्मेट. आई बरी आहे, जेवते, फक्त बोलत नाही फारशी, असं म्हणाला. मग हेल्मेट गाडीवर ठेवून म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही हो का म्हणाला न्हाईत?"

मला नीट कळलं नाही. मी म्हणाले, "अहो, ती बाईच नव्हती."

"ते मला ठाऊक हुतं. आईनं सांगितलं तवाच कळलं मला. कागद वाचून कोण बाई देतं का कुणाला?" तो हसला नाही. "मलाबी आईला आणायचं नव्हतं. तिचा जीव तितं हाय, मला कळत न्हाय का? पण आई पडल्यापासून चुलते, पाहुणे, बहीण, समदे तोंडावर बोलायला लागले. पोरगं फ्लॅटमधी आन आई वस्तीवर एकटी. त्यांना सांगायला मला कायतरी पायजे हुतं. ताई म्हणल्यात बाई येणार हाय, एवढं. मी वरीसभर तेच सांगत बसलो असतो, सणानंतर येणार, सुगीनंतर येणार. म्हणून तर दोनदा इचारलं तुमाला. आईसमोर तुमीच न्हाय म्हणल्यावर मी काय बोलणार?"

"आता?" मी विचारलं. "आता सांगू का? कुणालाही सांगते."

"आता कुठं. शेळ्या इकल्या. घर मेव्हण्याच्या सालगड्याला ऱ्हायला दिलंय. त्येची लेकरंबाळं हायती तितं." मग माझी अवस्था बघून म्हणाला, "जाऊ द्या. तुमी तुमचं काम केलं."

तो लिफ्टकडं गेला. मी रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली आणि मी रिक्षावाल्याला जा म्हणाले. पाय निघेना. लिफ्टची वाट न बघता तीन मजले जिन्यानं चढले. या वयात चढायला नको होतं, दम लागला, दार उघडलं तेव्हा बोलता येईना. दत्ता बूट काढत होता. गजराबाई तिथंच बसलेली होती.

मी तिच्यापुढं खाली बसले. "आजी, त्या दिवशी मी हो म्हणायला पाहिजे होतं."

आजवर हजारो म्हाताऱ्या माणसांशी बोलले. ती आपलं मन मारतात पण समोरच्याला मोकळं करतात. असू दे बाई, नशिबात होतं, तुझा काय दोष, असं म्हणतात. तसं काहीतरी ती म्हणेल, हे मी धरूनच चालले होते. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी वर गेले होते.

"व्हय," गजराबाई म्हणाली. "म्हनायला पायजे हुतं."